मामाल-आहारातील करजिक गाव
(क्षहरात राज्याचा उदय आणि अस्त)

कार्ल्याच्या चैत्यगृहात शिरण्यापूर्वी दर्शनी भिंतीवर ब्राह्मी लिपीतील एक प्राकृत लेख दिसतो. राजा क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई, दीनिकाचा पुत्र उषवदात याने वालुरक येथील लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक नावाचे गाव दिले, असे त्यात नोंदले आहे. त्याच दर्शनी भागात आणखी एक लेख आहे. त्यात दुसरा राजा मामाल येथील आपल्या अमात्याला आज्ञा देतो की, वालुरकच्या भिक्षूंना गाव द्यावे. गावाचे नाव तेच. संघही तोच. वाचक बंधू-भगिनींनो, दिलेले गाव पुन्हा का द्यावे लागले? या एका प्रश्नात एका मांडलिक राज्याचा सारा इतिहास सामावला आहे. आजच्या पाठात आपण तो समजून घेऊ.

आधी स्थळे. वालुरक म्हणजे आजचे कार्ले. लेण्यांच्या पायथ्याच्या वेहेरगावाच्या नावात 'विहार' हा शब्द अजून टिकून आहे. मामाल म्हणजे आपले मावळ. त्या काळी राज्याच्या जिल्ह्यास 'आहार' म्हणत, म्हणून लेखात 'मामाल-आहार' असा उल्लेख येतो. नाणे मावळातील करंजगाव हेच पूर्वीचे करजिक असावे, असे अभ्यासक मानतात. आम्हा भुशीकरांच्या धरणाचे पाणी ज्या इंद्रायणीत उतरते, तीच नदी कार्ले आणि भाजे यांच्या मधल्या खोऱ्यातून वाहत जाते. म्हणजे ही कथा दूरदेशीची नाही. आपल्या पायाखालच्या जमिनीचीच आहे.

आता 'मांडलिक' या शब्दाचा अर्थ पाहू. मावळच्या शेजारी भोर संस्थान होते, ते १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले. संस्थानला स्वतःचा अधिपती, स्वतःचे कारभारी आणि स्वतःचा सारा. पण डोक्यावर मोठी सत्ता होती, आणि तिच्या मर्जीबाहेर पाऊल टाकण्याची मुभा नव्हती. मांडलिक म्हणजे असा राजा, जो खाली पाहताना धनी असतो आणि वर पाहताना चाकर. 'क्षत्रप' ही पदवी याच अर्थाची आहे. हा शब्द मूळचा इराणी. राज्याचे रक्षण करणारा तो क्षत्रप. इराणचे सम्राट आपल्या प्रांतांच्या सुभेदारांना ही पदवी देत. पुढे शकांनी ती आपल्याबरोबर भारतात आणली. मोठा क्षत्रप तो महाक्षत्रप.

क्षहरात हे शकांचे एक कूळ. शक हे मध्य आशियातून वायव्येच्या वाटेने आलेले लोक. तक्षशिलेच्या एका ताम्रपटात लियक कुसुलक नावाच्या क्षत्रपाचा याच कुळाच्या नावाने उल्लेख आहे, आणि त्याचा पुत्र पतिक याने तेथे भगवान शाक्यमुनींच्या धातूंची स्थापना करून संघाराम उभारल्याची त्यात नोंद आहे. म्हणजे या कुळाची आणि धम्माची ओळख मावळात पोहोचण्यापूर्वीच झालेली होती. पश्चिम भारतातील पहिला ज्ञात क्षहरात म्हणजे भूमक. त्याची नाणी गुजरातच्या किनाऱ्यावर, माळव्यात आणि राजस्थानात सापडली आहेत. नाण्याच्या एका बाजूला बाण आणि वज्र आहे. दुसऱ्या बाजूला सिंहशीर्ष आणि धर्मचक्र. परदेशातून आलेल्या कुळाने आपल्या नाण्यावर छाप घेतली ती सम्राट अशोकाच्या स्तंभांवरील चिन्हांची.

भूमकानंतर नहपान. याच्या काळाविषयी विद्वानांची दोन मते आहेत. त्याच्या लेखांतील ४१ ते ४६ ही वर्षे शक संवताची मानली, तर तो इ.स. ११९ ते १२४ च्या सुमारास येतो. ती त्याच्या स्वतःच्या राज्यवर्षांची मानली, तर तो इ.स. पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात जातो. आपल्या पाठापुरते एवढे पुरे की, हा काळ आजपासून सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा आहे.

तो कोणाचा मांडलिक? उत्तरेत तेव्हा कुशाणांची सत्ता वाढत होती. सारनाथ येथे भिक्षू बल याने कनिष्काच्या तिसऱ्या वर्षी बोधिसत्त्वाची भव्य मूर्ती उभारली. तिच्या लेखात महाक्षत्रप खरपल्लान आणि क्षत्रप वनस्पर यांची नावे येतात. कुशाण सम्राट क्षत्रपांच्या हातून कारभार चालवीत हे त्यावरून कळते, आणि नहपानही कुशाणांचाच मांडलिक असावा असे बहुतेक इतिहासकारांचे मत आहे. पण गंमत अशी की, नहपानाच्या एकाही नाण्यावर धन्याचे नाव नाही. आहे ते स्वतःचे मुख आणि 'राजा' ही पदवी. तीही ग्रीक, खरोष्ठी आणि ब्राह्मी अशा तीन लिप्यांत. मांडलिकाने धन्याचे नाव नाण्यावरून गाळले की समजावे, त्याला बळ आलेले आहे.

हे बळ कोठून आले? तलवारीतून आले हे खरेच. पण त्याहून अधिक ते घाटांतून आले. 'पेरिप्लस' नावाचा एक ग्रीक प्रवासग्रंथ त्याच सुमाराचा आहे. त्याचा लेखक भडोच बंदराचा राजा म्हणून ज्याचे नाव घेतो, तो नहपानच असावा असे मानतात. भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तेर. या दोन पेठांतून मौल्यवान दगड आणि कापड गाड्यांवर लादून भडोचला येई आणि तेथून गलबतांत चढे. उलट दिशेने पश्चिमेचे मद्य, चांदीची भांडी, आणि राजासाठी गाणारी मुले व देखण्या दासी येत. (माणसांची अशी विक्री त्या काळी राजमान्य होती, हे वाचताना विसरू नये.) ग्रंथकार असेही सांगतो की, पूर्वी कल्याण बंदर व्यापारास मोकळे होते, पण पुढे तेथे अडथळे आले, आणि चुकून तेथे शिरलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला पाठविली जात. याचा अर्थ सरळ आहे. कोकणातील बंदरे एकाच्या हाती आणि सह्याद्रीचे घाट दुसऱ्याच्या हाती, अशी ती झुंज होती. माल खाली उतरवायचा तर घाट हवा. घाटाच्या तोंडाशी नाके असते, नाक्यावर जकात असते.

आपला बोरघाट त्यांपैकीच एक. १८३० साली त्यातून गाडीरस्ता झाला, १८६३ साली रेल्वे आली, २००२ साली द्रुतगती महामार्ग पुरा झाला. पण त्या सर्वांच्या आधी बैलांचे तांडे याच अंगाने चढत होते. कोंढाणे, भाजे, कार्ले, बेडसे ही लेणी एका ओळीत का सापडतात, याचे उत्तर या वाटेत आहे. भिक्षूंना वर्षावासासाठी एकांत हवा आणि भिक्षेसाठी वस्ती हवी. वाटेवरील व्यापारी दान देत आणि पावसात निवारा मागत. उत्तरेकडे नाणेघाट आणि जुन्नर, त्याच्याही वर नाशिकचे गोवर्धन. नहपानाच्या काळचे लेख नेमके या तीन ठिकाणी आहेत: नाशिक, जुन्नर, कार्ले. घाटमाथ्याच्या तीन किल्ल्या त्याच्या कमरेला होत्या असे म्हणायला हरकत नाही.

त्याच्या वतीने दक्षिणेचा हा भाग सांभाळीत होता तो जावई उषवदात. राजकन्या दक्षमित्रा ही त्याची पत्नी. नाशिकच्या लेण्यात तिनेही एक खोली दिल्याचा लेख आहे. उषवदात स्वतः शक असल्याचे नाशिकचा एक लेख सांगतो. बापाचे नाव दीनिक, परके. मुलाचे नाव उषवदात, म्हणजे ऋषभदत्त, पुरते इथले. एका पिढीत नाव बदलले. आपल्यापैकी ज्या घरांत आजीचे नाव एक तऱ्हेचे आणि नातीचे दुसऱ्या तऱ्हेचे आहे, त्यांना यात आश्चर्य वाटू नये.

त्याच्या दानांची यादी नाशिकच्या क्रमांक १० च्या लेण्यात आहे. या डोंगराला लोक पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा येथे काही संबंध नाही. लेखांत या डोंगराचे नाव त्रिरश्मी आहे, आणि ही लेणी भिक्षुसंघासाठी कोरलेली आहेत. असो. यादी अशी: तीन लक्ष गाई, बार्णासा नदीवर घाट, देव आणि ब्राह्मण यांना सोळा गावे, वर्षाकाठी एक लक्ष ब्राह्मणांना भोजन, भडोच, दशपूर, गोवर्धन आणि सोपारा येथे धर्मशाळा, दमण, तापी, डहाणू अशा सहा नद्यांवर विनामूल्य होड्या. प्रभास तीर्थावर ब्राह्मणांना आठ भार्या दिल्या, असेही त्यात आहे. काही जण त्याचा अर्थ आठ ब्राह्मणांच्या विवाहाचा खर्च दिला असा करतात. शब्द मात्र 'भार्या देणारा' असेच आहेत, आणि स्त्रिया गाईंच्या व गावांच्या रांगेत बसविल्या आहेत. या ओळीपुढे थांबून विचार करावा.

भिक्षुसंघासाठी त्याने जे केले त्यात मला सर्वांत उद्बोधक वाटते ती पैशाची व्यवस्था. हे गणित मी वर्गात मुलांना घालतो. वर्ष ४२ मध्ये त्याने ३,००० काहापण, म्हणजे त्या काळचे चांदीचे नाणे, गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायमचे ठेवले. श्रेणी म्हणजे कारागिरांचा संघ. एका श्रेणीकडे २,००० दरमहा शेकडा एक या व्याजाने; दुसरीकडे १,००० दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल परत काढायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे. आता हिशेब करा. २,००० वर महिन्याला २० आणि वर्षाला २४० काहापण. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ काहापण चीवरासाठी द्यायचे, म्हणजे २४०. बरोबर बसते! दुसऱ्या ठेवीच्या व्याजातून इतर किरकोळ खर्च. हा व्यवहार नगराच्या निगमसभेत वाचून दाखवला आणि रीतीप्रमाणे फलकावर नोंदवला, असेही लेख सांगतो. पंचायतीत ठराव वाचावा आणि दप्तरात चढवावा, तसेच हे. राजघराण्यातील माणूस पैसा ठेवतो तो विणकरांकडे. ज्या हातांना पुढे ग्रंथांनी हीन ठरविले, त्यांच्यावर त्या काळी राजाच्या जावयाचा एवढा विश्वास होता.

नाशिकच्या भिक्षूंच्या अन्नासाठी त्याने एक शेत दिले. तेही राजसत्तेच्या जोरावर कोणाचे ओढून घेतले नाही. अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाकडून ४,००० काहापण मोजून विकत घेतले आणि मग दिले.

येथे आपल्या घरांत नेहमी निघणारा एक प्रश्न येतो. उषवदात बौद्ध होता काय? अनेक पुस्तकांत त्याला बौद्ध धर्माचा आश्रयदाता म्हटले आहे आणि ते खोटे नाही. परंतु दान देणे वेगळे आणि शरण जाणे वेगळे. पुष्कर तीर्थावर त्याने अभिषेक केला आणि गाई व गाव दिले. ब्राह्मणांना त्याने जे दिले ते भिक्षूंना दिलेल्याहून कितीतरी अधिक. राज्य नवीन, राजा परका. तेव्हा प्रजेतील सर्व बाजूंना हात देणे हा त्याच्या राजकारणाचा भाग होता. हे मी त्याला कमी लेखण्यासाठी सांगत नाही. त्याचे दान भिक्षूंच्या उपयोगी पडले, ही गोष्ट निर्विवाद आहे. पण एका हाताने त्रिशरण आणि दुसऱ्या हाताने तीर्थस्नान, असे चालते काय म्हणून कोणी विचारले आणि आधाराला उषवदाताचे नाव पुढे केले, तर त्याला सांगावे की, तो दाता होता. त्याने उपासक म्हणून आपली ओळख या लेखांत कोठेही दिलेली नाही.

आता अस्त. वर्ष ४५ पर्यंत नहपान लेखांत 'क्षत्रप' आहे. वर्ष ४६ मध्ये जुन्नरच्या मानमोडी डोंगरातील लेण्यात त्याचा अमात्य अयम याने पाण्याचे टाके आणि मंडप दिला. त्या लेखात तो 'महाक्षत्रप स्वामी नहपान' आहे. पदवी वाढली. आणि त्याची ही शेवटची ज्ञात तारीख. त्यानंतर त्याचा आवाज ऐकू येत नाही.

त्याला बुडविले गौतमीपुत्र सातकर्णीने. सातवाहनांचे मूळ बळ पैठणकडचे. क्षहरातांनी त्यांचे घाट घेतले होते, ते त्याने परत जिंकले. या पराभवाचा पुरावा १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभी येथे जमिनीत सापडला. १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी. सर्व नहपानाची. पण त्यांपैकी ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला! नहपानाच्या मुखावर तीन कमानींची टेकडी उमटवलेली. काही नाण्यांवर दोन्ही राजे एकाच वेळी दिसतात. खाली दबलेले नाक-डोळे आणि वर नवा शिक्का. या नाण्यांवरचे नहपानाचे मुख कोठे तरुण, कोठे सुरकुतलेले आहे, इतकी त्याची कारकीर्द लांबली होती. एवढी लांबलेली सत्ता गेली तेव्हा नाणे वितळवण्याचीही तसदी कोणी घेतली नाही, नुसते ठोकून पुढे चालवले.

नाशिकला गौतमीपुत्राच्या वर्ष १८ मधील आज्ञा कोरलेली आहे. ती विजयी सैन्याच्या छावणीतून सुटली. पूर्वी उषवदाताच्या ताब्यात असलेले काखडी गावचे दोनशे निवर्तन शेत त्रिरश्मीच्या भिक्षूंना द्यावे, अशी ती आज्ञा. जिंकलेल्याची जमीन जिंकणाऱ्याने दान केली. पण खरी हकीगत पुढे आहे. सहा वर्षांनी, वर्ष २४ मध्ये, राजा आणि राजमाता यांच्या नावाने दुसरी आज्ञा निघते. तिच्यात म्हटले आहे की, आम्ही पूर्वी दिलेले शेत कोणी कसत नाही आणि ते गावही वसलेले नाही. म्हणून नगराच्या सीमेवरील आमच्या मालकीच्या शेतातून शंभर निवर्तन देण्यात यावे. राजांच्या प्रशस्तीत 'कुळाचा निःशेष नाश केला' असे शब्द येतात. त्या शब्दांची खालची बाजू येथे दिसते. शेतकरी निघून गेले होते, नांगर थांबले होते. लढाई कोणी जिंकली याची नोंद मोठ्या अक्षरांत आहे. गाव ओस पडल्याची नोंद एका कारकुनी वाक्यात.

ती प्रशस्ती कोणती तेही सांगतो, कारण आपल्या दृष्टीने तिचे महत्त्व मोठे आहे. गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिने नातू पुळुमावीच्या वर्ष १९ मध्ये नाशिकचे क्रमांक ३ चे लेणे भद्रायणीय शाखेच्या भिक्षूंना दिले आणि त्यात मृत पुत्राचे गुणवर्णन कोरवले. त्यात तो क्षहरात वंशाचा निःशेष नाश करणारा आहे, शक, यवन, पल्हवांचा संहारक आहे, अद्वितीय ब्राह्मण आहे, आणि चार वर्णांचा संकर थांबविणारा आहे. दान भिक्षुसंघाला आणि त्याच भिंतीवर वर्णव्यवस्थेचा गौरव! आपल्यातील काही वक्ते सातवाहनांना सरसकट बौद्ध राजे म्हणून गौरवतात. त्यांनी हा लेख एकदा वाचावा. इतिहास आपल्या सोयीने वागत नाही.

मात्र या ओळीचा उलटा अर्थही लक्षात घ्यावा. जे मुळात होत नव्हते, ते थांबविल्याची फुशारकी कोण मारील? संकर चालू होता. लोक मिसळत होते, आणि कोठे मिसळत होते ते कार्ल्याच्या खांबांवर पाहायला मिळते. पुढे सातवाहन घराण्यातल्याच वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी शकांच्या कार्दमक कुळातील, महाक्षत्रपाची कन्या होती. कान्हेरीच्या लेखात हे स्पष्ट आहे. ज्यांनी संकर थांबविल्याचे कोरले त्यांच्याच घरात शकांची लेक सून म्हणून आली.

आता पुन्हा करजिक गावाकडे येऊ. उषवदाताने ते दिले ते वालुरकच्या चारही दिशांच्या संघाला. जो कोणी प्रव्रजित तेथे वर्षावास करील त्याच्यासाठी, शाखाभेद न पाहता. गाव देणे म्हणजे माणसे देणे नव्हे. गावाचा जो सारा राजाकडे जात होता तो संघाकडे वळविणे. पण ही वळवणूक राजाच्या शब्दावर उभी होती. क्षहरात गेले, त्यांचा शब्द गेला, आणि करजिकचा सारा कोणाचा हा प्रश्न उभा राहिला. म्हणून सातवाहन राजाला नवी आज्ञा काढावी लागली. कार्ल्याच्या त्या लेखात राजाचे नाव फुटले आहे, पण मजकुरावरून तो गौतमीपुत्राचा असावा असे मानतात. या वेळी गाव महासांघिक शाखेच्या भिक्षूंना देण्यात आले.

आज्ञेतील सवलती वाचण्यासारख्या आहेत. या भिक्षु-भूमीत राजाच्या माणसांनी शिरू नये, तिला हात लावू नये, मिठासाठी खणू नये, सरकारी अंमलदारांचा तिथे बंदोबस्त नसावा. त्या काळी मिठावर राजाचा हक्क असे. शिपाई किंवा अंमलदार गावात शिरला की कोंबडी, धान्य, वेठ सारेच मागे. करजिकच्या कुणब्याला क्षहरात आणि सातवाहन यांच्यात काय फरक पडला असेल? राजा बदलला हे त्याला बहुधा आधी शिक्का बदललेल्या नाण्यावरून कळले असेल. पण गावात शिपाई येणार नाही, हा फरक त्याला खात्रीने कळला असेल. त्याचे नाव कोठेही कोरलेले नाही. वर्षावासाच्या भिक्षूंचा भात मात्र त्याच्याच खाचरात पिकला.

ज्यांची नावे कोरली आहेत, त्यांतील कितीतरी राजे नव्हते. कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे १२४ फूट खोल आहे. ते पूर्णत्वास नेले वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने, आणि जंबुद्वीपात हे सर्वोत्तम असा अभिमानाचा शब्द त्याने कोरून ठेवला आहे. बाहेरचा सिंहस्तंभ महारठी अग्निमित्रणकाचा. महारठी हे इथले स्थानिक सरदार, म्हणजे मांडलिकांच्याही खालचे. पण आत पाहा. दरवाजा केला धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने. सिंहदत्त नावाच्या गंध विकणाऱ्याचेही दान आहे. एक खांब धम्म नावाच्या यवनाचा. सोपाऱ्याच्या भिक्षूने दिलेल्या खांबात धातू ठेवले होते. आषाढमित्रा नावाच्या भिक्षुणीचे दान आहे. एका खांबावर 'उषवदाताचा पुत्र मित्रदेवणक' असे नाव आहे. तो याच उषवदाताचा मुलगा असावा असे काही अभ्यासक म्हणतात. तसे असेल तर राजजामाताचा मुलगा सुताराच्या आणि गंध्याच्या ओळीत एका खांबाचा दाता म्हणून उभा आहे.

गाव पुन्हा द्यावे लागले. सुताराचा दरवाजा आणि गंध्याचे दान पुन्हा कोणाला द्यावे लागले नाही.

क्षहरात संपले तरी क्षत्रप संपले नाहीत. चष्टनाच्या कार्दमक कुळाने गुजरात आणि माळवा सावरला. त्याचा नातू रुद्रदामन याने दक्षिणापथपती सातकर्णीचा दोनदा पराभव केला आणि जवळच्या नात्यामुळे त्याचा समूळ नाश केला नाही, असे जुनागढचा इ.स. १५० चा लेख सांगतो. हे कूळ पाचव्या शतकाच्या आरंभापर्यंत टिकले आणि गुप्तांनी ते संपविले. आपले मावळ मात्र सातवाहनांकडेच राहिले. पुळुमावीच्या वर्ष ७ मध्ये महारठी सोमदेवाने वालुरकच्या संघाला आणखी एक गाव दिले. महारठी आधी होते तसेच पुढेही राहिले. वर घोडा कोणाचाही बांधलेला असो, घाटातल्या गावचा सरदार गावातच राहतो.

आणि पुळुमावीच्या वर्ष २४ मध्ये कार्ल्याला एक नऊ खोल्यांचा मंडप कोरला गेला, महासांघिकांसाठी. दात्याचे नाव हरफरण, बापाचे सेतफरण, राहणारा अबुलाम्याचा. नावे उघड इराणी वळणाची आहेत. शक-पल्हवांचा संहार झाल्याचे नाशिकच्या भिंतीवर कोरून पाच वर्षे झाली होती, आणि येथे हा पल्हव नावाचा उपासक आई-वडिलांच्या पुण्यासाठी संघाला विहार देत होता. मळवली स्टेशनवर उतरून वर गेलात तर चैत्यगृहाबरोबर तो मंडपही मुलांना दाखवा.